पट्टी

शाहूपुरीत, भांड्यांच्या दुकानावर, तिसऱ्या मजल्याला
आमचं चॅनेल.
रात्रपाळीला मी, एक खोकणारा एसी
आणि प्लेआउटचा संगणक,
ज्याला उद्या सकाळपर्यंतचा प्रत्येक सेकंद तोंडपाठ.
२:४१:०० साड्यांचा सेल.
२:४१:३० गूळ.
२:४२:०० खासबागेतली जुनी कुस्ती, पुन्हा.
सगळं ठरलेलं.
माझं काम फक्त जागं राहायचं.

यंदा जूनमध्ये एक पेटी आली,
करडी, जेवणाच्या डब्याएवढी.
इंजिनिअर चौगुलेबाईंनी ती रॅकमध्ये बसवली.
म्हणाल्या, "इशारा आला की ही कुणाला विचारणार नाही.
आरती असो, भाषण असो, पट्टी वर येणार."
मालक म्हणाले, "आणि पैसे भरलेली जाहिरात असली तर?"
"तरीपण."
मालक बराच वेळ पेटीकडं बघत राहिले,
न विचारता जमलेल्या जावयाकडं बघावं तसे.

पहिल्या चाचणीत पडद्यावर आलं ते हे:
प ◌ा त ळ ◌ी
आणि पुढं चौकोन, चौकोन, चौकोन.
आमचा जुना फाँट सेलपुरतंच मराठी शिकलेला.
चार रात्री बाई जोडाक्षरं सांधत बसल्या.
'स्थलांतर' जुळला तेव्हा खालून चहा मागवला,
दोघींनी मोठ्यानं वाचला.
किती देखणा शब्द, मी म्हणाले.
नंतर लाज वाटली.

जुलैच्या शेवटी
राजाराम बंधाऱ्याचा आकडा मी तासातासाला टाकत होते.
सदतीस फूट चार इंच.
अडतीस दोन.
त्या आठवड्यात या गावात
सोन्याचा भाव कुणी विचारत नाही.

तीन वाजून सात मिनिटं.
निळ्या लांगेचा पैलवान पट काढायला वाकलेला,
आणि पेटीवर तांबडा दिवा.
माझा हात माऊसवर पोचायच्या आत पट्टी आली.
प्रत्येक काना जागेवर, रफार डोक्यावर.
कुस्ती थांबली नाही,
फक्त पैलवानांचे पाय गेले.
कमरेपासून वर दोन माणसं,
पाण्यात उभी राहून झोंबतायत तशी.

बाईंना फोन केला. चाललं, म्हटलं.
झोपेतच त्यांनी विचारलं,
"स्थलांतर नीट आला?"

मग इलाही नदाफ. नदीकडच्या गल्ल्यांत केबल त्याची.
"ताई, पट्टी झ्याक दिसालीय.
पण कुठं दिसालीय? माझ्या घरात.
खालच्या गल्लीची लाईट दहालाच काढलीय."

मी पडद्याकडं बघितलं.
पट्टी सरकत होती, ठसठशीत,
कोरड्यात बसलेल्यांसाठी.

"आणि माझी वही हाय," तो म्हणाला.
"तांबड्या शाईत सतरा घरं.
तीन-तीन महिन्यांचं बिल थकलंय,
वायर मीच कापलीय.
त्यांच्यात लाईट असती तरी काय दिसणार हुतं?"
जरा वेळ नुसता श्वास.
"फोन ठेवू नका. जातो मी."

मग मला ऐकू आलं ते:
गमबूट. कुत्रं.
पाण्यात काहीतरी पत्र्यासारखं.
कडी.
"ओ सरनोबतकाकी, उठा.
बिलासाठी न्हाई आलो."
आत हालचाल, पण दार उघडेना.
"आईच्यान, बिलासाठी न्हाई!"

इकडं ३:२० ला साड्यांचा सेल लागला, ठरल्याप्रमाणं,
बाईच्या पदराचे काठ पट्टीखाली.
मी आवाज बंद केला,
फोन कानाशी दाबून
दारं मोजत बसले.
दहा. अकरा.
बाराव्याला कुणीतरी त्याला शिवी दिली, मग लगेच
"अरे पोरांना उठीव, पोरांना."
तेराव्या दाराशी रेंज गेली.